भिंगवाल्यांनी आणलेले हिरे

बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला एखादा दागिना द्यावा, हा विचार भिंगवाल्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आला तेव्हा त्यांच्या लग्नाला एकोणीस वर्षं, अकरा महिने आणि तीन आठवडे झाले होते. (घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती.) त्याआधी दरवर्षी ते न चुकता उपयोगी वस्तू आणत. एका वर्षी इस्त्री, एका वर्षी पायपुसणी, तीही एकावर एक फुकट मिळाली म्हणून दोन, आणि एका वर्षी वरच्या फळीवरचं सामान काढायला घडीची शिडी. बायको प्रत्येक वेळी "बरं झालं, लागतच होतं," असं म्हणायची आणि भिंगवाले त्याला कौतुक समजायचे.

भिंगवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. पुढे गिऱ्हाइकं आरशासमोर फ्रेमा लावून बघत, मध्ये पडद्यामागे डोळे तपासणाऱ्या बाई बसत, आणि सगळ्यात मागे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढ्या खोलीत, घासायच्या यंत्रापाशी भिंगवाले. चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी त्यांच्या हातात यायची आणि चष्मा होऊन बाहेर जायची. बाहेर त्यांना कोणी पाहिलेलंही नसे. पण काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना हाताला कळायचा, आणि हा गुण जगात फार थोड्या लोकांकडे आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर त्या सोमवारी डोळे तपासणाऱ्या बाई एक चिठ्ठी घेऊन मागे आल्या आणि सहज म्हणाल्या, "विसावं वर्ष ना हे तुमचं? वहिनींना काय देणार?"

"नळाला लावायचं फिल्टर बघून ठेवलंय," भिंगवाले म्हणाले. "तीन थरांचं आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पेशंटच्या बुबुळात बॅटरी मारून पाहतात तसं.

"भिंगवाले, तुमचा जवळचा नंबर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण लांबचं तुम्हाला काही म्हणजे काही दिसत नाही. वीस वर्षं झाली त्या बाईला. आता तरी काहीतरी बिनउपयोगी आणा."

"बिनउपयोगी म्हणजे काय?"

"कानात घाला, गळ्यात घाला. पण नळाला लावू नका."

भिंगवाल्यांना हे इतकं लागलं की हातातली काच त्यांनी अर्धा मिलिमीटर जास्त घासली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते एका मोठ्या दागिन्यांच्या दुकानात शिरले. आत इतकी थंड हवा होती आणि इतके दिवे होते की आपण खिशात हात घालून उभे आहोत याचीसुद्धा त्यांना लाज वाटली. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून बजेट विचारलं. भिंगवाल्यांनी ते सांगितलं. मुलगी तशीच हसत राहिली, फक्त हसण्याचा अर्थ बदलला.

"यात आमच्याकडे दागिने साफ करायचं लिक्विड येईल," ती म्हणाली. "छोटी बाटली."

बाहेर पडल्यावर त्यांना पुन्हा ते फिल्टर आठवू लागलं. पण बाजाराच्या तोंडाशी एक बाई फुटपाथवर उलटी छत्री उघडून बसली होती आणि छत्रीच्या काड्याकाड्यांना कानातली टांगलेली होती. भिंगवाले केवळ छत्रीची कल्पना आवडली म्हणून थांबले. तिथे एका काडीच्या टोकाला, कोणी बघणार नाही अशा जागी, थेंबाच्या आकाराच्या पांढऱ्या खड्यांची एक जोडी लोंबत होती. धुरकटलेली, आंधळी. त्यांनी ती बोटांत धरून खड्यांवरून अंगठा फिरवला. काच जुनी होती, जड होती, आत एक बुडबुडा नव्हता. असली काच हल्ली चष्म्यालाही मिळत नाही. वरून नुसती ओरखड्यांनी मेली होती.

"ते नका घेऊ," विकणारी बाईच म्हणाली. "चमकत नाही ते. हे घ्या, गुलाबी."

"हेच द्या," भिंगवाले म्हणाले. बाईनं कीव येऊन किंमत आणखी उतरवली.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या खोलीचं दार लावून घेत होते. फ्रेमचे स्क्रू पिळायच्या बारीक हत्यारानं त्यांनी खडे कोंदणातून सोडवले. आधी बारीक चाकावर, मग नमद्याच्या चकतीवर ओली गुलाबी पावडर लावून, एकेक पैलू घासून घासून जागा केला. दर चार फेऱ्यांनी खडा पाण्यात बुडवायचा, रुमालानं टिपायचा, उजेडाला धरायचा. वीस वर्षांत त्यांनी लोकांना दिसावं म्हणून काचा घासल्या होत्या. स्वतःच्या बायकोनं उठून दिसावं म्हणून घासायची ही पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते खडे खिडकीत धरले तर समोरच्या भिंतीवर सात रंगांचे दोन ठिपके नाचायला लागले, आणि भिंगवाले जेवायचं विसरून ते ठिपके इकडून तिकडे पळवत बसले.

डोळे तपासणाऱ्या बाईंनी कानातली उलटसुलट करून पाहिली. मग पर्समधून त्यांनी एक निळी मखमली डबी काढली. त्यांच्या स्वतःच्या अंगठीची. झाकणावर सोनेरी अक्षरांत शहरातल्या सगळ्यात महागड्या जवाहिऱ्याचं नाव होतं.

"वस्तू अशी आणि पुडी कागदाची, हे बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डबी राहू दे तुमच्याकडेच."

इथेच सगळा घोटाळा झाला. बाईंच्या मनात काही नव्हतं, भिंगवाल्यांच्या मनात तर नव्हतंच. पण डबीवर नाव होतं.

वाढदिवसाच्या सकाळी चहा घेताना त्यांनी डबी टेबलावर सरकवली. बायकोनं आधी झाकण वाचलं. मग उघडली. मग तिनं गॅस बंद केला आणि ती खाली बसली. ती एका दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीत बसायची, दिवसाला शंभर माणसांशी बोलायची, आणि बोलणं सुचत नाही अशी वेळ तिच्यावर सहसा येत नसे.

"अहो," ती म्हणाली, "किती खर्च केलात?"

"खर्चाचं काय घेऊन बसलीस," भिंगवाले म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं. घेऊन बसावं असं त्यात काही नव्हतंच.

"वेड लागलंय तुम्हाला. हिरे आणतं का कोणी?"

भिंगवाल्यांनी तोंड उघडलं. 'हिरे नाहीत, काच आहे, पण काय काच आहे ते बघ, मी तीन दिवस घासलीय,' असं सगळं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात बायकोनं डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. असं तिनं शेवटचं कधी केलं होतं ते त्यांना आठवेना. मानेला रग लागली तरी ते हलले नाहीत. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या बुधवार होता. बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी ती ते कानात घालून दवाखान्यात गेली आणि तिथल्या नर्सबाईंनी आपापल्या नवऱ्यांना फोन केले म्हणे. शुक्रवारी आता सांगणं बरं दिसेना. आणि रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले.

सासूबाईंचं आणि भिंगवाल्यांचं वीस वर्षांत भांडण असं कधी झालं नव्हतं, कारण त्या त्यांच्याशी बोलतच नसत. समोर बसलेल्या भिंगवाल्यांबद्दल त्या मुलीला विचारत, "चहा घेणार का ते?" त्या दिवशी मात्र त्यांनी कानातली हातात घेतली, खिडकीशी नेली, पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ पाहिली. परत आल्या त्या थेट भिंगवाल्यांसमोर.

"या खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या. "हिला हात आहेत. जावई असावा तर असा."

हातांची खुर्ची त्या दिवसापर्यंत साडूंची होती. साडू मोटारींचे टायर विकायचे, दरवर्षी बायकोला काही ना काही सोन्याचं करायचे, आणि आता ते स्टुलावर बसून भिंगवाल्यांकडे असे बघत होते, की भिंगवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"भिंगवाले," हात धुताना साडू हळूच म्हणाले, "असं काही करायचं असेल तर आधी सांगत जा हो. माझ्या घरी आजपासून मी राहायचं कसं?"

इथवर सगळं गोडच होतं. सोमवारपासून काटकसर सुरू झाली.

"एवढं मोठं धाडस केलंत तुम्ही माझ्यासाठी," बायको म्हणाली. "आता मीही हातभार लावला पाहिजे ना." तिचा हातभार पहिल्यांदा भिंगवाल्यांच्या चहातल्या साखरेला लागला. मग संध्याकाळच्या बिस्किटांना. दुकानातून सुटल्यावर कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफी आणि क्रीमरोल घेऊन भिंगवाले रिक्षानं घरी यायचे. तिसऱ्या आठवड्यात कॉफी, क्रीमरोल आणि रिक्षा ही तिन्ही सुखं एकाच संध्याकाळी गेली. ते चालत येऊ लागले. रविवारचा सिनेमा बंद झाला. त्यांचे केस कापायला न्हाव्याकडे जायची काय गरज, असं म्हणून बायकोनं स्वतः कात्री हातात घेतली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी त्यांना हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

या काळात भिंगवाल्यांनी कबुली द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा फिक्का चहा पिता पिता त्यांनी विषय काढला.

"समज हं," ते म्हणाले, "उगाच आपलं समज. ते खडे खरे नसते, तर?"

बायकोनं भाजी चिरायची सुरी थांबवली. "तर तुम्हाला रोज चालत यायची पाळी आली नसती," ती म्हणाली. "का हो?"

"नाही, सहज," भिंगवाले म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्यांदा ते दुकानात चिठ्ठी लिहायला बसले. 'प्रिय' या शब्दावर अडले, कारण वीस वर्षांत तो त्यांनी कुठे वापरलेला नव्हता, आणि पहिल्यांदा वापरायचा तो या कामासाठी, हे त्यांना पटेना. चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली. ते घर त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाबरोबर गेलं. एक अनोळखी बाई दोन दिवसांनी दुकानात येऊन काउंटरवर चिठ्ठी ठेवून गेली. "'प्रिय' लिहिलंय कोणीतरी," ती म्हणाली. "पुढचं काहीच नाही. जिवाला लागून राहिलं."

खरा घाव तिसऱ्या महिन्यात बसला. बायको मंगळवारी आणि शुक्रवारी दीड तास उशिरा यायला लागली.

"जरा काम असतं," एवढंच ती म्हणाली.

भिंगवाल्यांना पुढचं सांगायला नको होतं. हिऱ्यांपायी ही बाई जादा काम करू लागली. घरी यायची तेव्हा इतकी दमलेली असायची की येताच खुर्चीत बसून डोळे मिटायची. केस ओले. "तोंडावर पाणी मारून आलात वाटतं," असं एकदा तिनंच त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, ते उन्हातून चालत आले होते तेव्हा. आता तेच वाक्य तिच्याबद्दल त्यांच्या मनात यायचं आणि काळजात कळ उठायची. बिचारी डुलक्या घालवायला नळाखाली डोकं धरत असेल. काचेच्या दोन तुकड्यांसाठी. आपल्या शेजारी बसून ती भराभर जेवायची, नको इतकं जेवायची, आणि भिंगवाले आपल्या ताटातली पोळी गुपचूप तिच्या ताटात सरकवायचे.

आणि एका शुक्रवारी ती घरी आली ती लाल डोळ्यांनी.

भिंगवाल्यांनी तिला दिव्याखाली बसवलं. खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्यांबद्दल आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती, कारण ते डोळे तपासणाऱ्या बाईंपासून एका पडद्याच्या अंतरावर बसत.

"ताण आहे," ते म्हणाले. "तू उद्यापासून जायचं नाहीस. एक दिवस नाही. माझं ऐक. ते हिरे नाहीत. काच आहे. मी फुटपाथवरून आणलेत, छत्रीला टांगलेले होते. डबी दुकानातल्या बाईंची. तू माझ्यासाठी राबू नकोस. मला काय बोलायचंय ते बोल, पण राबू नकोस."

एवढं बोलून ते गुन्हेगारासारखे उभे राहिले.

बायकोनं टॉवेलनं केस पुसले. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"काच आहे ते."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून. आईनं खिडकीशी नेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ म्हणे लगेच उडते. ही उडेचना. आईनं पदरानं पुसली, पुन्हा सोडली. मग जेवणं झाल्यावर मला आत नेऊन सांगितलं."

भिंगवाले रोज चाळीस काचांवर वाफ सोडून पुसायचे. या कामाचा असाही उपयोग असतो हे त्यांना आत्ता कळत होतं.

"पण मग सासूबाई मला म्हणाल्या, जावई असावा तर असा."

"म्हणाली. मी तिला विचारलं, आता काय करू. तर म्हणाली, गप्प बस. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं काहीतरी आणलंय. खोटं आहे म्हणालीस, तर यापुढे खोटंसुद्धा आणणार नाही."

भिंगवाले सावकाश खुर्चीत बसले.

"मग साखर?" त्यांनी विचारलं. "रिक्षा? क्रीमरोल?"

"पहिले पाच दिवस मी खरंच घाबरले होते," बायको म्हणाली. "म्हटलं, या माणसानं कुठून आणले एवढे, कसे फेडणार. रविवारी कळलं तेव्हा हायसं वाटलं, पण रागही आला. म्हटलं, बघू तरी किती दिवस ताणतात. एक आठवडा धरला होता मी. तुम्ही चार महिने चाललात. आणि खरं सांगायचं तर चालून तुमचं पोट उतरलं, तेव्हा मग मीच बंद करायचं मनावर घेतलं नाही."

"आणि हे मंगळवार-शुक्रवारचं काम?"

बायकोनं जरा लाजून पिशवीतून ओला पोहायचा पोशाख काढला आणि दोरीवर वाळत टाकला.

"पोहायला शिकतेय," ती म्हणाली. "लहानपणापासून मनात होतं. तुमच्या रिक्षाच्या आणि सिनेमाच्या पैशांत वर्गाची फी बसली. त्या पाण्यात औषध घालतात, डोळ्यांना झोंबतं. आज मी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेले."

भिंगवाल्यांना तिच्याबद्दल एकदम फार कौतुक वाटलं, आणि लगेच स्वतःबद्दल तितकंच वाईट. म्हणजे खोटेपणाचं नाव झालं होतं, आणि जे खरं होतं ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चार महिने पोटात दाबून ठेवलेली गोष्ट शेवटी बाहेर आलीच.

"स्वस्तातले आहेत, कबूल," ते म्हणाले. "पण मी आणले तेव्हा ते असे नव्हते. आंधळे होते. कोणी हात लावत नव्हतं. मी खडे सोडवले, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत घासले. एकेक पैलू हातानं. ती चमक दुकानातली नाही, माझी आहे. तेच सांगायचं होतं मला त्या दिवशी. तू रडलीस म्हणून राहिलं."

 बायकोनं कानातली काढली, तळहातावर घेतली आणि दिव्याखाली धरली. बराच वेळ ती त्या खड्यांकडे बघत होती. तिचे लाल डोळे आणखी लाल झाले. भिंगवाल्यांनी श्वास रोखला. ज्या क्षणासाठी त्यांनी तो सगळा खटाटोप केला होता तो चार महिने उशिरा का होईना, आला होता.

"म्हणजे हे तुम्ही घासलेत," ती म्हणाली.

"मी."

"दोन्ही?"

"दोन्ही," भिंगवाले म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही."

ती उठून आरशासमोर गेली. दोन्ही कानांत घातली, मान ताठ केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग दोन्ही काढून एकमेकांशेजारी धरली; एक खडा दुसऱ्यापेक्षा खाली उतरत होता.

"चार महिने मी फोटोत मान वाकडी करून उभी राहतेय," ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझाच एक कान खाली आहे."